सकाळचं गिऱ्हाईक

रतिलालआप्पांनी स्कूटर मटणबाजाराच्या तोंडाशी लावली, पण डोक्यावरचं हेल्मेट काही काढलं नाही. उलट काच आणखी खाली ओढली. दिवेलागणीची वेळ, रस्त्यावर बरीचशी पांगापांग झालेली. अशा वेळी मान खाली घालून झपझप चाललं की कुणाच्या नजरेत भरत नाही, असा त्यांचा हिशेब. आता उभ्या शहाद्यात हेल्मेट घालून पायी चालणारा माणूस हा एकटाच, त्यामुळं नजरेत न भरायला आंधळ्यांचाच बाजार हवा होता. पण हे आप्पांना कोण सांगणार?

मीनाबाई खाटीक आपल्या दुकानाची फळी धूत होती. तिच्यासमोरून ते भिंतीकडं तोंड करून गेले आणि गल्लीच्या टोकाला काचेच्या दुकानात शिरले. पांढऱ्या फरशा, फिनेलचा वास, एक माशी नाही. मांस म्हणून ज्याची शिसारी यावी असं तिथं काही दिसतच नव्हतं, म्हणून तर आप्पांनी ते दुकान निवडलं होतं.

"बोला आप्पा, तेच ना?" दुकानदारानं हेल्मेटकडं बघून विचारलं.

"तेच," आप्पा आतून पुटपुटले. "ताजं शे ना?"

"एकदम ताजं."

काळ्या पिशवीची गाठ न सोडता, आत डोकावण्याची छाती न करता आप्पांनी ती स्कूटरच्या डिकीत टाकली. गावाकडं, घरी पोचेपर्यंत त्यांना सारखं वाटत होतं, की मागून येणाऱ्या प्रत्येक मोटरसायकलवाल्याला डिकीतलं दिसतंय.

आप्पांची सगळी नोकरी पुरुषोत्तमनगरच्या साखर कारखान्यात, उसाच्या वजनकाट्यावर गेली. घर पाटलाचं, गळ्यात माळ. चार पिढ्यांत कुणी अंड्याच्या टरफलालाही हात लावलेला नाही. त्यातही बायको धनुबाई सोवळ्याची इतकी कडक, की मांसाहार करणाऱ्या घरचं लग्न असलं तर अक्षता टाकून न जेवता परत येणार. अशा घरातला कर्ता म्हातारा रोज खाटकाच्या गल्लीत जायला लागला तो बाबूपायी.

बाबू म्हणजे कुत्रा. लेक ममतानं सुरतेहून आणलेला, झुपकेदार शेपटीचा, उभ्या कानांचा अल्सेशियन. पिलू असताना धनुबाईंनी त्याला ओट्याच्या वर चढू दिलं नव्हतं. पण तो मोठा व्हायला आणि धनुबाईंना अर्धांगाचा झटका यायला एकच गाठ पडली. उजवा हात गेला, पाय ओढत चालायला लागला आणि बोलणं पार बंद झालं. दिवसभर घर डोक्यावर घेणारी बाई मुकी झाली. तिच्या कटकटीला आयुष्यभर कंटाळलेले आप्पा आता भांडं पडल्याचा आवाज आला तरी आशेनं वळून बघायचे. दवाखाने झाले, व्यायाम झाले. शेवटी एके दुपारी ओट्यावर बसलेल्या धनुबाईंच्या तोंडून शब्द फुटला, "बाबू." कुत्र्यानं मांडीवर डोकं ठेवलं होतं. आप्पा आत भाकरी थापायला शिकत होते, ते पिठाच्या हातानं बाहेर आले. "बाबू," ती पुन्हा म्हणाली.

पुढं तेवढा एकच शब्द राहिला. पण त्या एका शब्दात धनुबाई पुष्कळ काही बोलायच्या. पाणी हवं असलं की एक बाबू, राग आला की दुसरा, संध्याकाळी देवाला दिवा लावून झाला की तिसरा. आप्पांना सगळे बाबू ओळखू यायला लागले होते.

आणि मग बाबू वाळायला लागला. खायचा ढीगभर, पण फासळ्या मोजून घ्याव्यात अशी दशा. सारखं पोट बिघडलेलं, अंगावरची लव गेलेली. जनावरांचे डॉक्टर योगेंद्र यांनी रक्त तपासायला पाठवलं, आणि अहवाल आल्यावर आप्पांना समोर बसवून सांगितलं, "आप्पा, याच्या पोटातलं स्वादुपिंड आटलंय. अन्न पचवणारा रसच तयार होत नाही. भरल्या ताटावर बसून उपाशी मरतोय तो."

"मंग औषध?"

"पूड येते बाहेरून, पण आपल्याकडं कधी मिळते, कधी नाही. दुसरा उपाय घरगुती आहे. बकऱ्याचं स्वादुपिंड कच्चंच बारीक करून रोजच्या खाण्यात कालवायचं. कच्चंच हं. शिजवलं की त्यातला रस मेला. आणि ताजं पाहिजे. माणूस विश्वासाचा बघा."

माणूस विश्वासाचा बघा. डॉक्टर बोलून मोकळे झाले. पण ज्यानं जन्मात मांस विकत घेतलं नाही, त्यानं त्यातला विश्वासाचा माणूस ओळखायचा कसा? केळं पिवळं बघून घ्यावं, वांगं देठ बघून घ्यावं. इथं आप्पांना बघायचीच चोरी.

पहिल्यांदा ममतानं सुरतेतली एक कंपनी शोधली. "आप्पा, त्या कुत्रासकरता, मांजरीसकरताच कच्चं बनाडतस. बर्फमा घालीसन धाडतस. फोटो देखा ना, कितलं चोखं शे." पाकिटावर हसरा कुत्रा आणि त्याच्या गळ्यात पडलेलं मांजर. हे आप्पांना फार सोईचं वाटलं, कारण पाकीट बिस्किटांचं म्हणूनही खपून गेलं असतं. पण माल नंदुरबारला येऊन एक दिवस पडून राहिला आणि घरी आला तेव्हा पाकिटं फुगलेली. आप्पांनी फोन लावला. "इसमें वो पाचनवाली गांठ है ना?" तर पलीकडचा म्हणाला, "सब है अंकल, सब है." ज्याच्यात सगळंच असतं त्याच्यात आपल्याला हवं ते नसतं, हे काट्यावर बसून आप्पांना चांगलं ठाऊक होतं. तरी त्यांनी एक पाकीट गोठ्यात नेऊन फोडलं. दुधासाठी घुटमळणारी घरची मनी मांजर धावत आली, हुंगलं, आणि पाय झटकत निघून गेली. आप्पांच्या नाकाला त्यातलं काही कळत नव्हतं. मनीचं नाक त्यांनी प्रमाण मानलं आणि सगळी पाकिटं खड्ड्यात पुरली.

त्यानंतर हे काचेचं दुकान. गोठ्याशेजारच्या खोलीत जुना फ्रीज चालू केला, वेगळी सुरी, वेगळी पाटी. पहिल्या दिवशी आप्पांनी डोळे मिटूनच कापलं आणि बोटही कापून घेतलं. धनुबाईंना दाखवायची सोय नव्हती, म्हणून विळी लागली म्हणाले. मनी याही मालाला तोंड लावत नव्हती. पण दुकान एवढं स्वच्छ म्हटल्यावर मांजराचंच पोट भरलेलं असेल, अशी आप्पांनी स्वतःची समजूत घातली.

बाबूला मात्र उतार पडेना. एके दिवशी तो ओट्याची पायरी चढता चढता बसला आणि उठलाच नाही. धनुबाई वरून हाका मारत होत्या, "बाबू, बाबू." त्या हाकेत पाणी नव्हतं, राग नव्हता. आप्पांनी तो बाबू पूर्वी कधी ऐकला नव्हता. कुत्रा गेला तर त्याच्यामागं ही हाकही जाईल, आणि मग या घरात पुन्हा माणसाचा आवाज निघायचा नाही, हे त्यांना त्या पायरीपाशी उभं राहून लख्ख दिसलं.

पुतण्या नवनीतच्या गाडीतून बाबूला डॉक्टरांकडं नेलं. सोबत ती काळी पिशवीही नेली. योगेंद्र डॉक्टरांनी गाठ सोडली, बघितलं आणि पिशवी लांब सारली.

"आप्पा, हे काय आहे?"

"स्वादुपिंड."

"यात फुप्फुसाचे तुकडे आहेत, चरबी आहे. स्वादुपिंड कणभर नाही. आणि हे सकाळचंही नाही. तुम्ही घेताना बघत नाही का?"

आप्पांनी पिशवीची गाठ परत बांधली. परतताना गाडीत नवनीतच बोलला, "आप्पा, राग नका मानू. तुम्ही हेल्मेट घालीसन जातस ते अख्खा गावले माहीत शे. मंग तोंड झाकीसन काय फायदा? तोंड झाकं म्हनीसनच त्यानी तुमले फसाडं."

रात्रभर आप्पांच्या डोळ्यांपुढं कारखान्याचा वजनकाटा येत होता. बैलगाडीवाले, ट्रॅक्टरवाले शेतकरी खिडकीशी येऊन काट्यावर नजर लावून उभे राहायचे. तेव्हा त्यांचा राग यायचा, माझ्यावर भरवसा नाही का म्हणून. पण खरी गोष्ट ही, की जो समोर उभा राहायचा त्याचं वजन कुणीही मारत नव्हतं. जो झाडाखाली बिडी ओढत बसायचा, त्याच्या उसाचं काय व्हायचं ते दुसऱ्या पाळीतल्या लोकांना आणि देवालाच ठाऊक. उभा जन्म काट्यावर काढून आपण स्वतः मात्र झाडाखाली बसलो, याची आप्पांना मनस्वी लाज वाटली. मांसाच्या लाजेपेक्षा ही लाज मोठी निघाली.

सकाळी त्यांनी आंघोळ केली, पूजा केली, पांढरी टोपी घातली आणि हेल्मेट खुंटीवर ठेवून निघाले.

मटणबाजार नुकता उघडत होता. मीनाबाईच्या दुकानापुढं चार-पाच गिऱ्हाइकं उभी. आप्पा त्यांच्यात जाऊन उभे राहिले. शेजारच्या माणसानं चमकून बघितलं. तो त्यांच्याच गावचा शांतीलाल, देवळाच्या पंचांपैकी एक.

"रतिलालभाऊ? तुम्ही आठे?"

"हो," आप्पा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "बाबूकरता बकराना पोटमातलं लेवानं शे. तुम्ही काय लेवाले उनात?"

शांतीलालनं हातातली भरलेली पिशवी पाठीमागं नेली, काहीतरी कामाची आठवण झाल्याचं पुटपुटला आणि गेला. गावभर बोभाटा होईल म्हणून आप्पा इतके दिवस ज्याला भीत होते, त्यातला मोठा बोभाटा असा परस्परच मिटला.

मीनाबाई सुरी पुसत हसली. "आज डोकावरनं कोठे गयं, आप्पा?"

"तुमले माहीत व्हतं?"

"रोज दिवे लागनात का तुम्ही इतस. मन्हा दुकानपुढून भिंतकडे तोंड करीसन जातस. मी म्हने, हाऊ डोकरा चोरी बिरी करस का काय."

आप्पांनी सगळं सांगितलं. बाबूचं दुखणं, डॉक्टरांचं म्हणणं, काळी पिशवी. शेवटी धनुबाईंचा तो एकच शब्दही सांगितला. मीनाबाईनं सुरी खाली ठेवली.

"ती गाठ त आम्ही फेकी देतस, आप्पा. कोनी मांगतच नही. आन संध्याकायले ती कोठेन मिळी? सकायमा पोट उघाडतस तव्हयच काढनी पडस, दुपारलोंग तिना चिखल व्हई जास." ती थोडी थांबली. "एक सांगू? चोरीसन लेवावालाले कोन ताजं दी? त्याले माहीत शे, हाऊ मानूस परत भांडाले येवाव नही."

आप्पांना हे बोलणं झोंबलं नाही. रात्री ते स्वतःशी हेच बोलून आले होते.

तिनं त्यांना आत बोलावलं. आप्पा जन्मात पहिल्यांदा सोललेल्या बकऱ्यासमोर उभे राहिले. एका हातानं त्यांनी दाराची चौकट धरली; पण डोळे उघडे ठेवले. मीनाबाईनं आतड्याच्या वळशालगतची फिकट गुलाबी, दाणेदार लांबोळी गाठ सोडवून तळहातावर धरली.

"हाई देखा. नीट देखी ल्या. मी जरी दुसरं दिधं तरी तुमले वळखता उनं पाहिजे."

"तुम्ही काब्र दुसरं दिश्यात?"

"मी नही देवाव. पन तुम्ही देखत जा. रोज सकायमा या, डबा तुमना आना, बर्फ आना. ज्या दिन नही व्हई, त्या दिन मी ‘नही’ म्हनीसन सांगसू. मंग त्या दिन दुसरीकडेन लेवानं नही."

घरी गोठ्यात डबा उघडला तर मनी पायांत घोटाळायला लागली, मागच्या पायांवर उभी राहून पाटीला नखं लावायला लागली. आप्पांनी तिला एक तुकडा टाकला आणि ती गुरगुरत खाताना बघत बसले. इतकं गोड दृश्य आपण याआधी कधी बघितलं होतं, ते त्यांना आठवेना.

बाबू उठायला वेळ लागला. पण उठला. आधी पायरी चढला, मग फाटकापर्यंत गेला, मग एका सकाळी माकडांच्या मागं धावला. फासळ्या बुजल्या, पाठीवर काळी लव परत आली. धनुबाईंच्या हाकांतली भीती गेली आणि नेहमीचे बाबू परत सुरू झाले. आप्पा देवापुढं बसले की हात जोडताना देवाच्या जोडीला मीनाबाई आठवायची. देवाला चालतं की नाही, याची त्यांनी चौकशी केली नाही.

मीनाबाई बोलल्याप्रमाणं वागत होती. एकदा आप्पा गेले तर तिनं लांबूनच हात हलवला. "आज नही. उपवासना दिन, बकरा काप्या नही. कालनी एक शे, पन ती बाबूले देवाव नही मी." आप्पा रिकामा डबा घेऊन परत फिरले, आणि रस्ताभर त्यांना हलकं वाटत होतं. नाही म्हणणारा माणूस भेटला की हो म्हणणाऱ्याची चिंता उरत नाही. फ्रीजमध्ये दोन-चार दिवसांचं शिल्लक असायचंच.

एक गोष्ट मात्र त्यांच्यानं होत नव्हती. धनुबाईंना ते काहीच सांगू शकले नव्हते. डबा गोठ्याच्या दारानं आत जायचा, आप्पा विहिरीवर हातपाय धुऊन मगच घरात यायचे. बाईनं उभा जन्म जे घर चोखं ठेवलं, ते तिला बोलता येत नाही म्हणून आपण बाटवलं, असं त्यांना वाटायचं. तिला भांडता आलं असतं तर त्यांनी केव्हाच सांगून टाकलं असतं. न भांडणाऱ्या माणसापुढं खरं बोलायला फार धीर लागतो.

मग आप्पांना ताप आला. सांधे असे धरले, की खाटेवरून उठून बसायची पंचाईत. नवनीत लग्नाला सुरतेला गेलेला. फ्रीजमधलं संपलं. बाबूचं पोट पुन्हा बिघडायला लागलं, तसे आप्पा भिंत धरून उठले. पण ओसरीपर्यंत जाऊन परत आडवे झाले. मीनाबाईला फोन करावा असं मनात आलं. पण आपण तिचं गिऱ्हाईक. दुकानात गेलो तर माल, एवढंच नातं. दुकान टाकून एवढ्या लांब ये, हे कुठल्या तोंडानं म्हणायचं?

दुपारच्या सुमाराला फाटकाबाहेर काळीपिवळी जीप थांबली. बाबू भुंकत धावला आणि एकदम भुंकायचा थांबून शेपटी हलवायला लागला. हातात बर्फाचा डबा घेतलेली मीनाबाई फाटकापाशी उभी होती.

"तीन दिन व्हई गयात, आप्पा उनात नही," ती ओट्यावरच्या धनुबाईंना सांगत होती. "फोन लागेना. मी म्हनं, त्या कुत्राना जीव जाई. गावमा इचारं, बाबूनं घर कोनतं, त एका पोरीनी आनी सोडं."

आप्पा कसेबसे दारापर्यंत आले. बाबू मीनाबाईचे हात हुंगत होता, चाटत होता. धनुबाई त्या हातांकडं बघत होत्या. मग डब्याकडं. मग दारातल्या आप्पांकडं. सगळं त्यांना कळून चुकलं आहे, हे आप्पांना त्यांच्या डोळ्यांत दिसलं, आणि त्यांनी दाराची चौकट धरली.

मीनाबाईनंही ते ओळखलं असावं. तिनं डबा फाटकाच्या आत, पायरीच्या खाली ठेवला आणि पदर सावरला. "मी आठेच ठेवस, माय. मधमा येत नही. तुमनं घर चोखं शे."

बाबू डब्यापाशी बसला. मीनाबाई वळली.

"च्या," धनुबाई म्हणाल्या.

आप्पांना वाटलं, तापात भास झाला. मीनाबाई थांबली. धनुबाईंनी डावा हात उचलून ओट्यावर आपल्या शेजारी दोनदा थोपटला, बस म्हणून. मग त्यांनी दाराकडं बघितलं. आप्पा अजून चौकट धरून खांबासारखे उभे. ते बघून त्यांच्या कपाळाला ती जुनी आठी पडली, जी आप्पांनी झटका आल्यापासून बघितली नव्हती.

"च्या!" त्या पूर्वीच्याच ठसक्यात म्हणाल्या.

आप्पा भिंत धरत स्वयंपाकघरात गेले आणि तिघांच्या मापाचं पाणी ठेवलं. साखर, पत्ती, आलं. डोळे वाहत होते, ते धुरानं नव्हे, कारण गॅसला धूर नसतो. चहा उकळला तसा सवयीनं त्यांचा हात कोनाड्याकडं गेला. तिथं बाहेरच्यांसाठी, मजुरांसाठी वेगळा ठेवलेला स्टीलचा गिलास होता. धनुबाईंनीच ठेवलेला. आप्पांचा हात तिथं थोडा वेळ थांबला. मग त्यांनी तो मागं घेतला आणि फळीवरून एका नक्षीच्या तीन कपबश्या काढल्या.

ते ताटली घेऊन बाहेर आले तेव्हा मीनाबाई ओट्याच्या अगदी कडेला, अर्धवट टेकून बसली होती. तिनं कपाकडं बघितलं, धनुबाईंच्या कपाकडं बघितलं, आणि बशी दोन्ही हातांनी घेतली. धनुबाईंना डाव्या हातानं कप धरवत नव्हता, चहा हिंदकळून लुगड्यावर सांडत होता. आप्पा पुढं झाले, पण त्याआधीच मीनाबाईनं आपली बशी खाली ठेवून त्यांचा कप खालून सावरून धरला. धनुबाईंनी तो हात दूर केला नाही. त्यांनी त्याच हातातून चहाचा घोट घेतला.